हिंगोलीतून हरिपूरला

सांगलीतल्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत लेखन मदत कक्षाचं टेबल आहे. एम.ए. करता करता मी तिथं बसते. येणाऱ्या बहुतेकांना ते टायपिंगचं दुकान वाटतं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा तो मुलगाही तसाच आला. "बाइंडिंगला टाकायचंय, शुद्धलेखन तेवढं बघा की ताई," म्हणत प्रकल्प अहवालाची प्रिंट पुढं सरकवली आणि मोबाइल काढला. विषय होता, सांगलीच्या हळदीची साठवणूक.

आमच्याकडं ज्याचा मजकूर त्यानंच तो मोठ्यानं वाचायचा असतो. पहिलं पान त्यानं धडाधड उरकलं. दुसऱ्या पानावर 'आपल्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी' एवढं वाचलं आणि गप्प झाला. शेजारच्या टेबलावरची पोरगी खुदकन हसली.

तसं त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. हिंगोलीतही हळद पिकते, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्ये मिळालं. फक्त ते 'आपल्या' त्याचं नव्हतं.

"गाव कुठलं तुझं?"

"हरिपूर."

"मग पेवं बघितली असशील."

पेवं म्हणजे सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत खोल खणलेले खड्डे. मोबाइल खिशात गेला. "आज्जा उतरायचा की पेवात! तोंड उघडलं की लगेच कोण उतरत नाय, आत हवा नसती. आधी कंदील सोडायचा. इझला की थांबायचं." मग माती कशी घट्ट, पाणी कसं झिरपत नाही, हवाच नसल्यामुळं हळदीला कीड कशी लागत नाही, भाव येईपर्यंत व्यापारी माल कसा खाली ठेवून द्यायचे, २००५ च्या पुरात किती पेवं गेली, सगळं एका दमात. अख्ख्या अहवालात यातली एक ओळ नव्हती. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "हे काय लिहायचं असतंय व्हय? हे सगळ्यांना म्हाईत असतंय."

मी हरिपूरची नाही, मला माहीत नव्हतं. खरं तर या कामात माझा उपयोग तेवढाच असतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रफी यांनी १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांनाच विद्यार्थ्यांच्या मदतीला बसवलं. प्राध्यापकांसमोर न बोलणारी मुलं बरोबरीच्यांशी बोलतात आणि लिहिण्याची सुरुवात त्या बोलण्यातूनच होते, असं त्यांचं म्हणणं. या मुलानं कंदिलाची गोष्ट सरांना सांगितली असती, असं मला वाटत नाही.

"आता हेच लिही."

"तुम्हीच लिहा की. तुमची भाषा चांगली हाय."

पेन मी घेतलं नाही. माझी वाक्यं गुळगुळीत झाली असती आणि तोंडी परीक्षेत त्यालाच त्यांचा अर्थ विचारला गेला असता. तो कुरकुरत बसला, खोडत राहिला. पहिलं वाक्य आलं, 'पेव उघडल्यावर त्यात लगेच उतरत नाहीत.' मला तर ते आवडलं. ऱ्हस्व-दीर्घाला मी शेवटपर्यंत हात लावला नाही. जो परिच्छेद उद्या कापायचाय, त्यातल्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या?

मात्र मदतनिसानं फक्त प्रश्न विचारावेत, उत्तर कधी देऊ नये, हा नियम मी पाळत नाही. संदर्भ कसा द्यायचा, हे कुणाला प्रश्न विचारून सुचत नसतं, ते सरळ सांगावं लागतं. घेतलेल्या मजकुराखाली मूळ लिहायचं, नाहीतर ती चोरी, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. आजोबांचं म्हणणंही मुलाखत म्हणून नोंदवता येतं, ठिकाण आणि तारीख टाकून, हेही सांगितलं. यावर त्याचा विश्वासच बसेना. आज्जा चौथीपर्यंत शिकलेला, त्याचं नाव संदर्भांत कसं चालेल?

पुढच्या आठवड्यात तो वही घेऊन आला. हिंगोली गेली होती, पानं निम्मी झाली होती. आणि आज्ज्याचं कंदिलाबद्दलचं म्हणणं शेजारच्या म्हाताऱ्याला मान्य नव्हतं म्हणे. आता दोघांपैकी खरं कुणाचं धरायचं, असं त्यानं विचारलं. दोन्ही लिही म्हटलं, कोण काय म्हणालं ते नावानिशी. मग आम्ही वाचायला बसलो.