तुम्ही विचारलंत म्हणून: इन्यो काउंटीत आम्ही कसे राहतो

लॉस एंजेलिसच्या गणपतीत कुणीतरी विचारतंच, आणि पुण्याहून नणंदेचा फोन आला की तीही विचारते. "तुमच्याकडे पोलीस यायलाच तासभर लागतो म्हणे. मग तुम्ही तिथं राहता तरी कसे?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

तुम्ही इंटरनेटवर आमच्या काउंटीची, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या इन्यो जिल्ह्याची, माहिती वाचता आणि घाबरता. आकडे खरेच आहेत. क्षेत्रफळ २६,००० चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे अख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट. माणसं १९,०००. खासगी मालकीची जमीन दोन टक्क्यांहूनही कमी. बाकी सगळी सरकारची, नाहीतर लॉस एंजेलिसच्या पाणी खात्याची. म्हणजे इथं वस्ती वाढायला जागाच नाही. बिशप हे एकच शहर, त्याला स्वतःचे पोलीस आहेत. शहराबाहेर चोरी-मारामारी झाली तर शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीस येतात, आणि रस्त्यावर काही झालं तर कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल, म्हणजे राज्याचे महामार्ग पोलीस. मग तो ३९५ नंबरचा महामार्ग असो, नाहीतर कुठल्यातरी टोकाचा काउंटी रोड. बिशपहून टेकोपाला जायचं तर जवळपास चार तास लागतात, आणि तरी आपण इन्योतच असतो.

पण त्या माहितीत एक गोष्ट नसते. या रस्त्यांवर आम्ही १९,००० जण फारच थोडे असतो. मॅमथला बर्फात खेळायला जाणारे, डेथ व्हॅलीचं वाळवंट बघायला आलेले, रात्रभर ट्रक हाकणारे पंजाबी ड्रायव्हर, ही सगळी गर्दी बाहेरची. हायवे पेट्रोलवाल्यांची गाडी बहुतेक वेळा त्यांच्यासाठीच धावत असते. तुम्हीही त्यांतलेच. तेव्हा "तुमच्याकडे" म्हणताना जरा विचार करा.

हे मी रागानं लिहितेय, कळतंय मला. राग कशाचा आहे तेही सांगते.

एका नोव्हेंबरात आम्ही डेथ व्हॅलीहून परत येत होतो. १९० नंबरचा रस्ता, दिवेलागणीची वेळ. वळणाच्या खाली खडीत एक गाडी उलटी पडलेली, चाकं वर. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. तिचा नवरा आत पट्ट्यात अडकलेला, शुद्धीवर होता, पण बोलणं तुटक. फोनला रेंज नव्हती. तिथं ती कधीच नसते. आमचे हे गाडी घेऊन रेंज शोधायला पुढे गेले आणि मी त्या दोघांपाशी थांबले. अंधार पडला, गारठा वाढला. माझी शाल तिच्या अंगावर घातली. "येताहेत ना?" ती विचारायची. मी "हो, निघालेत" म्हणायचे, आणि निघालेत की नाही हे मला ठाऊक नसायचं. एकही गाडी आली नाही. त्या रस्त्यावरची शांतता आवडते म्हणून मी इथं रमले होते. त्या संध्याकाळी तीच शांतता अंगावर आली.

सगळ्यात आधी आले ते गावातले स्वयंसेवक अग्निशामक. त्यांतल्या एकाकडून आम्ही गाडीचे टायर बदलून घेतो. मागोमाग हायवे पेट्रोलचा एक तरुण अधिकारी. तो आधी दुसऱ्या अपघातावर होता, तिथून निघून आला होता. त्यानं रस्त्यावर इशाऱ्याचे लाल फ्लेअर पेटवून ठेवले, मोजमापं घेतली, बॉनेटवर वही ठेवून टॉर्चच्या उजेडात लिहिलं. मग त्या बाईपाशी उकिडवा बसून विचारलं, "तुमची रोजची औषधं गाडीत आहेत का?" आणि पालथ्या गाडीत खांद्यापर्यंत हात घालून त्यानं वारांची नावं असलेली गोळ्यांची डबी शोधून आणली. शनिवारचं झाकण उघडलेलं होतं.

तिचा नवरा वाचला नाही. मदत लवकर आली असती तर वाचला असता का? मी त्या अधिकाऱ्याला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं काय सांगावं?

इथं आलो त्या वर्षी मी सगळ्यांना ऐकवायचे की माणसं कमी, म्हणून भीतीही कमी. आज ते वाक्य तोंडून निघत नाही. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीतली हवा कधीकधी इतकी तापते की हेलिकॉप्टरलाही उडता येत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळाच्या पावसानं तिथले रस्ते असे उखडले की नॅशनल पार्क जवळपास दोन महिने बंद होतं. शेजारच्या मोनो काउंटीत त्याच वर्षी बर्फानं ३९५ अडवला होता. हायवे पेट्रोलची माणसं वाढवा, गाड्या वाढवा, असं मीही म्हणते. पण अंतर तेवढंच राहणार.

तरी "मग शहरात या" हे उत्तर मला पटत नाही. आम्ही सगळे निघून आलो, तर त्या टायरवाल्यासारखं धावत जायला त्या रस्त्यालगत राहील कोण? तुम्ही तर डेथ व्हॅली बघायला येतच राहणार.

आमच्या ह्यांना मात्र आता बिशप सोडावंसं वाटतं. मुलगी कॉलेजला गेली की निघू, असं ते म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.