चावट गाणं चालतं, पण त्यांचं!

यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात मला दादा कोंडक्यांचं गाणं म्हणायचं होतं. आमच्या इथल्या, इंग्लंडमधल्या मराठी मंडळाच्या समितीने (नाव घेत नाही, पाडव्याला पुन्हा तोंड दाखवायचंय) सांगितलं, "अहो, लहान मुलं असतात, यंदा गोरे पाहुणेही आहेत. दादांचं नको, एखादं नाट्यगीत म्हणा." माझा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना या सूचनेतला धोका कळेल. मी भांडलो नाही. हॉलचं भाडं समितीने भरलं होतं आणि खुर्च्या लावायला माणसं कमी होती.

फराळ झाला, मुलींची नृत्यं झाली आणि मग 'खास पाहुणे' म्हणून गावातला युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) वाजवणारा ग्रुप स्टेजवर आला. सगळे सत्तरीच्या आसपासचे, पायांत आरामाचे बूट, गळ्यात झेंडूच्या माळा. आणि या सज्जन आजी-आजोबांनी पहिलंच गाणं काढलं ते खिडक्या पुसणाऱ्या माणसाचं! शिडीवर चढून त्याला आत काय काय दिसतं, हनिमूनला आलेल्या जोडप्याचं काय चाललंय, याचं यथासांग वर्णन. समिती पहिल्या रांगेत बसून टाळ्यांवर ठेका धरत होती. दोघांनी तर 'वन्स मोअर' दिला.

गाडीत मी धुसफुसत होतो. बायको म्हणाली, "त्यांना शब्द कळले नसतील." कळले नसतील कसे? वीस-वीस वर्षं इथे काढलेली माणसं ही.

गाणं जॉर्ज फॉर्म्बी या इथल्या जुन्या विनोदी गायक-नटाचं, 1936 सालचं. गंमत अशी की तेव्हा खुद्द बीबीसीने ते रेडिओवर लावायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या वर्षी त्याने समुद्रकाठच्या ब्लॅकपूल गावच्या 'रॉक'वर गाणं केलं. रॉक म्हणजे साखरेची वीतभर कांडी, बाहेरून गुलाबी, आत पांढरी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही मोडली तरी आत गावाचं नाव दिसतं. आता ही कांडी हातात घेऊन समुद्रकिनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसाचं गाणं फॉर्म्बीने कसं म्हटलं असेल, हे मी लालबाग-परळच्या वाचकांना समजावून सांगायला नको. तेही बीबीसीने बंद केलं. म्हणजे समित्या तिथेही होत्याच.

मी लँकेशायर भागातल्या बोल्टनला राहतो, फॉर्म्बी शेजारच्या विगनचा, जन्म 1904. बापही जॉर्ज फॉर्म्बीच, आणि तोही मोठा विनोदी नट. बापाला छातीचा विकार होता. स्टेजवर खोकल्याची उबळ आली की तो त्याचाच विनोद करायचा आणि प्रेक्षक हसायचे. मुलाने या धंद्यात पडू नये म्हणून त्याने पोराला सातव्या वर्षी घोड्यांच्या तबेल्यात जॉकी व्हायला धाडलं. त्यामुळे शाळा सुटली ती सुटलीच, लिहिणं-वाचणं पोराला कधी धड जमलं नाही. 1921 साली बाप गेला आणि पोरगा बापाचेच विनोद घेऊन स्टेजवर उभा राहिला. लोकांनी हुर्यो केली.

त्याला माणसात आणलं दोन गोष्टींनी: एक वाद्य आणि एक बायको. वाद्य म्हणजे बँजोलेले. तोंड बँजोसारखं गोल, कातडं ताणलेलं, आणि तारा युकुलेलेच्या चार. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं आणि सूर बदलला की बोटांची जागा बदलणं झेपत नव्हतं. मग त्याने वेगवेगळ्या पट्ट्यांत लावलेली वेगवेगळी वाद्यंच जवळ ठेवली. गाणं बदललं की वाद्य बदल, बोटं तिथेच! पण त्याचा उजवा हात ऐका. मध्येच ठेका तोडून, आघात इकडचे तिकडे करून तो पुन्हा समेवर असा येतो की त्या ग्रुपमधले आजोबा मला म्हणाले, "आम्ही अजून तेच शिकतोय."

बायको बेरिल. लाकडी तळव्यांचे क्लॉग घालून नाचणारी. हे क्लॉग इथल्या गिरणी कामगारांचं रोजचं पायताण होतं. 1924 साली लग्न झालं आणि बाईने सगळा कारभार हातात घेतला. करार, पैसे, कपडे, कोणतं गाणं, सगळं ती ठरवणार. सेटवर नायिकेला जॉर्जच्या जवळ फार फिरकू द्यायची नाही. त्याला हातखर्चाला मोजके पैसे द्यायची. इथले लोक अजून तिला खाष्ट म्हणतात. मला मात्र ही बाई आवडते, आणि त्याचं कारण 1946 साल.

त्या वर्षी दोघं दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेली. वर्णद्वेषाचा कायदा अजून पुरता आला नव्हता, पण गोऱ्यांचे आणि काळ्यांचे प्रेक्षक वेगळे ठेवायचा रिवाज पक्का होता. फॉर्म्बीने असल्या थिएटरांत कार्यक्रम करायला नकार दिला आणि काळ्या प्रेक्षकांसमोर जाऊन गायला. एका कार्यक्रमात एका छोट्या काळ्या मुलीने बेरिलला चॉकलेटचा डबा दिला, फॉर्म्बीने त्या पोरीला जवळ घेतलं आणि लोकांनी जल्लोष केला. हे कळल्यावर नॅशनल पार्टीचा पुढारी डॅनियल मलान याने तक्रारीचा फोन केला. हाच माणूस 1948 ला पंतप्रधान झाला आणि त्याने वर्णद्वेषाला कायद्याचं रूप दिलं. बेरिलने त्याला फोनवर जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. लँकेशायरच्या नळावरची भाषा. सारांश असा, की घाणेरड्या माणसा, चालता हो.

त्याच वर्षी तिकडच्या भारतीयांवरच्या अन्यायाची तक्रार आपण संयुक्त राष्ट्रांत नेली होती. विजयालक्ष्मी पंडितांची भाषणं आपल्याला शाळेत शिकवतात, आणि योग्यच आहे. पण शाळा न शिकलेला एक चावट गाणी म्हणणारा माणूस आणि त्याची नाचणारी बायको तिथे कोणीही सांगितलेलं नसताना अशी उभी राहिली, हे मला जास्त मोठं वाटतं. त्यांच्या पोटावर पाय आला असता. ज्या सभ्य लोकांनी त्याची गाणी रेडिओवर नकोत म्हटली, त्यांच्यातल्या किती जणांनी मलानला असा फोन केला असता? माझ्या समितीतल्या किती जणांनी? (मी केला असता का, असं बायकोने विचारलं. मला तेव्हा भांडी घासायची होती.)

तो काही संत नव्हता. चिनी लाँड्रीवाल्यावरची त्याची गाणी आज ऐकवत नाहीत. पण ज्याला 'हलक्या अभिरुचीचा' म्हणून लंडनच्या लोकांनी नाकं मुरडली, त्याच माणसाचे सिनेमे महायुद्धाच्या काळात प्रचंड गल्ला जमवत होते. भोळा, दातपुढा, उत्तरेकडच्या बोलीत बोलणारा पोऱ्या. सगळे त्याला बनवणार आणि शेवटी पोरगी त्यालाच मिळणार. वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर लोंबत्या नाडीची हाफ पँट आली असेल तर माझा दोष नाही. युद्धात तो सैनिकांसमोर गात फिरला, 1945 मध्ये भारत आणि ब्रह्मदेशातही येऊन गेला. एकूण तीस लाख सैनिकांनी त्याला पाहिलं असा अंदाज आहे.

आणि प्रेक्षक कोण? गिरणगाव! लालबाग-परळच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं इथल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची होती. माझे वडील ज्या साच्यावर उभे राहायचे त्याचा जन्म माझ्या आताच्या घरापासून अर्ध्या तासावर झाला असेल. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला संध्याकाळी मोकळं हसायचं असतं. दादाही नायगावच्या चाळीतलेच, बँडमधून आणि सेवा दलाच्या कलापथकातून वर आलेले. नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले म्हणून गिनेसमध्ये नाव गेलं, तरी आपल्याकडे अजून कुणी 'मला दादा आवडतात' म्हणताना आधी घसा खाकरतो. इथे विगनच्या ग्रँड आर्केडमध्ये 2007 साली फॉर्म्बीचा पुतळा उभारला. बीटल्स या बँडमधला जॉर्ज हॅरिसन त्याचा भक्त. 1995 ला बीटल्सचं जे गाणं नव्याने आलं, त्याच्या शेवटी युकुलेले वाजते आणि लेननच्या आवाजात फॉर्म्बीचं पेटंट वाक्य उलटं वाजवलेलं आहे. अर्थात इथेही आदर यायला माणूस आधी मरावा लागतो. तेवढं आपल्यासारखंच.

1960 च्या नाताळच्या आदल्या दिवशी बेरिल गेली. दोन महिन्यांत त्याने एका शिक्षिकेशी लग्न ठरवलं, लोकांनी तोंडात बोटं घातली आणि 6 मार्च 1961 ला तोही हृदयविकाराने गेला. वय फक्त 56. मृत्युपत्रावरून घरच्यांनी कोर्ट गाठलं. वॉरिंग्टनच्या दफनभूमीत बापाच्याच थडग्यात त्याला ठेवलंय.

त्याच वर्षी त्याच्या चाहत्यांनी सुरू केलेली सोसायटी अजून ब्लॅकपूलला जमते. तिथे शंभर-शंभर माणसं एकदम बँजोलेले बडवतात. कुणी इकडे येणार असेल तर मला कळवा, गाडी काढतो. समितीला सांगू नका. आणि रॉकची कांडी दाढेने फोडायला जाऊ नका, इथल्या दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत तुमचा व्हिसा संपेल.