शेतात सापडलेला शिशाचा शिपाई: त्याचं वय कसं काढलं

इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरताना नाण्यांपेक्षाही मला जास्त आनंद दिला तो खेळण्यातल्या शिशाच्या शिपायांनी. एसेक्समधल्या एका नांगरलेल्या शेतात, मालकाची रीतसर परवानगी घेऊन फिरताना असाच एक मिळाला. डोकं नाही, उजवा हात नाही, रंग फक्त पट्ट्याच्या खाचेत उरलेला. भर शेतात खेळणं कुठून आलं? लंडनचा केरकचरा आणि घोड्यांची लीद शिडाच्या बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू होड्यांतून) थेम्स नदीमार्गे एसेक्स-केंटच्या शेतांत खतासाठी जायची. तुटलेली खेळणीही केराबरोबर गेली असणार.

माती साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशनेच काढली. तांब्या-पितळेला लावतो तशी चिंच किंवा व्हिनेगर शिशाला अजिबात लावू नका, आम्लाने शिसं खराब होतं. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि लहान मुलांच्या हाती तर देऊच नका.

खरी ओळख मानेने पटवली. मोडलेल्या जागेतून आतली पोकळी स्पष्ट दिसत होती. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन (Britain) कुटुंबाने, म्हणजे 'ब्रिटन्स' या खेळण्यांच्या कंपनीने, पोकळ ओतकामाचे शिपाई बाजारात आणले. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतला की साच्याला टेकलेला थर लगेच गोठतो. आतला पातळ धातू भोकातून परत ओतून घ्यायचा. धातू वाचला, किंमत उतरली, आणि तोवर बाजार गाजवणाऱ्या जर्मन शिपायांना तगडी टक्कर मिळाली. म्हणजे माझा शिपाई १८९३ च्या आधीचा नाही, एवढं मानेनेच सांगितलं.

पण पोकळ म्हणजे ब्रिटन्सचाच, असं नाही. जॉन हिल, चार्बेन्स, क्रेसेंट या कंपन्यांनीही तसेच शिपाई काढले. मापही बरेचदा तेच, साधारण ५४ मिलिमीटर. म्हणून उंचीवर विसंबलो नाही. खांद्याकडे पाहिलं, तर तिथे हात अडकवायची बारीक खुंटी होती. हलता हात ही ब्रिटन्सची आवडती रचना, पण तीही एकट्या ब्रिटन्सची नव्हे.

निकाल लागला तो पायाखालच्या चौकोनी पट्टीवर. समोरून काहीच दिसेना. मग खोलीतला दिवा घालवून टॉर्च अगदी आडवी धरली, तेव्हा सावल्यांतून अक्षरं उठली: आधी 'ब्रिटन्स लि.', मग 'मेड इन इंग्लंड'. कंपनी 'लिमिटेड' झाली १९०७ मध्ये, आणि 'मेड इन इंग्लंड' ही पहिल्या महायुद्धानंतरची खूण. शिशाचं उत्पादन संपलं १९६६ मध्ये. या दोन टोकांच्या मधला माझा शिपाई.

काही शिपायांच्या पट्टीवर तारीख असते. ती त्या नमुन्याच्या कॉपीराइटची, तो शिपाई ओतल्याची नव्हे. त्याच साच्यातून पुढे कित्येक वर्षं माल निघत राहायचा. तारीख वाचून थांबू नका, पट्टीचा आकार आणि बाकीची अक्षरंही बघाच.

ब्रिटन्सने बॉम्बे लान्सर्सचा, म्हणजे भालाईत घोडदळाचा, संचही काढला होता. त्यातला एखादा घोडेस्वार इथल्या मातीत मिळावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

हा शिपाई मी प्लास्टिकच्या डबीत ठेवला आहे. ओकच्या लाकडी पेटीत ठेवू नये, कारण ओकमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते. डबीवर लिहिलं आहे: 'ब्रिटन्स, पोकळ, पहिल्या महायुद्धानंतर ते १९६६, एसेक्स'.