आमची वाटचाल : कुत्रा, घोडा आणि पाकिटातला कागद

आमच्या पेढीत माणसं दोनच, मी आणि बायको. सगळा माल एका तिजोरीत मावतो. लंडनच्या पश्चिम उपनगरात, घराच्या मागच्या खोलीतून आम्ही प्राचीन ग्रीक आणि रोमन नाणी विकतो, त्यातही पुराणकथा कोरलेली. सम्राटाचं नुसतं डोकं असलेली आम्ही सहसा घेत नाही. ती विकणारे इथे पुष्कळ आहेत.

मी मूळचा नाशिकचा. जवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपान क्षत्रपाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. बाबांनी एका पुस्तकात त्यांचा फोटो दाखवला, तेव्हा नहपानाच्या डोक्याभोवतीची अक्षरं मला लागेनात. बाबा म्हणाले, "अरे, ग्रीक आहेत ती." गोदाकाठी ग्रीक अक्षरं कुठून आली, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घर करून बसला.

लंडनला आलो ते बँकेच्या संगणक खात्यात. २००९ मध्ये नोकरी गेली. त्या रिकाम्या दिवसांत एका नाणेमेळ्यातून मातीने माखलेली दोनशे रोमन तांब्याची नाणी ढिगाच्या भावात घेतली. ती ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत घालायची, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, आणि मग भिंगाखाली एकेक कण सुटा करायचा. धातूची सुई लावली की ओरखडा उठतो. मी गावाहून आणलेला बाभळीचा काटा वापरायचो, अजूनही वापरतो. तिसऱ्या आठवड्यात एका नाण्यावर आधी दोन तारे दिसले, त्यांच्या खाली वळलेली मान, आणि पोटाखाली दोन बाळं. कथेप्रमाणे रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांना, रोम्युलस आणि रीमसला, पाजणारी लांडगी! सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन ३३० च्या सुमारास पाडलेलं हे नाणं तसं अगदी सामान्य, आजही वीस-तीस पौंडांत मिळतं. पण त्या संध्याकाळी आमच्या घरात भाजी करपली, ती त्याच्यामुळे.

पहिली दोन वर्षं अशा लांडग्यांवरच निघाली. हात बसला तसे आम्ही चांदीकडे वळलो.

मला विचाराल तर सगळ्यांत सुंदर नाणं रोमन प्रजासत्ताकाचं, इसवी सनपूर्व ८२ च्या सुमाराचं, गायस मामिलियस लिमेटानसचं. टाकसाळीची जबाबदारी असलेल्या या अधिकाऱ्याने दर्शनी बाजूला मर्क्युरी देव ठेवला आणि मागे ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस. वीस वर्षांनी वेषांतर करून घरी आलेला, टोपी घातलेला, हातात काठी. त्याला घरात कोणी ओळखत नाही. ओळखतो तो म्हातारा कुत्रा आर्गोस. ओडिसियसचा हात पुढे आलाय आणि समोर कुत्रा उभा आहे. वीस मिलिमीटरच्या आत हे सगळं! मामिलियस घराणं स्वतःला ओडिसियसच्या मुलाचे, टेलेगोनसचे वंशज म्हणवत असे, म्हणून ही निवड. ज्युलियस सीझरनेही पुढे तेच केलं. एका बाजूला कुळाची मूळमाता व्हीनस देवी, दुसरीकडे तिचा मुलगा, म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन ट्रॉयमधून निघालेला ईनियस. कुळाची थोरवी पैशावर छापायची हौस जुनीच.

लिमेटानसच्या नाण्याची कडा छिन्नीने कापलेली, दातेरी असते. आत अस्सल चांदी आहे हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून, असं सांगतात. पण चांदीचा मुलामा दिलेली दातेरी नाणीही सापडली आहेत. भेसळ करणारे तेव्हाही चार पावलं पुढेच होते.

त्यांच्या वंशजांशी आमची गाठ २०१४ मध्ये पडली. एका मेळ्यात कोरिंथ या ग्रीक शहराचा स्टेटर, म्हणजे चांदीचं नाणं, घेतला. एका बाजूला पंखांचा घोडा पेगासस, दुसरीकडे शिरस्त्राण घातलेली अथेना. घोड्याच्या पोटाखालच्या अक्षरावरून गाव कळतं. कोप्पा असेल तर कोरिंथ, लॅम्डा असेल तर ल्यूकस. आमच्यावर कोप्पा होता, वजनही जवळपास बरोबर होतं. एका निवृत्त शिक्षकाने तो हौसेने घेतला. दोन वर्षांनी एका लिलावाच्या यादीत मला हुबेहूब तसाच दुसरा स्टेटर दिसला. कडेचा तडा तोच, घोड्याच्या छातीवरचा खड्डा तोच. हातोड्याने पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण तडा आणि खड्डा एकाच जागी, हे होत नाही. दोन्ही एकाच साच्यात ओतलेली, म्हणजे खोटी. शिक्षकांना मीच फोन केला आणि सगळे पैसे परत दिले. त्या वर्षी नफा म्हणून काही उरलाच नाही.

"यापुढे ज्याच्या पाकिटात आधीच्या मालकांचा कागद नाही, ते नाणं या घरात येणार नाही," बायको म्हणाली. ती मूळची ग्रंथपाल. तेव्हापासून संध्याकाळी ती जुन्या लिलावांच्या याद्या उघडून बसते आणि छायाचित्रांशी आमची नाणी ताडून पाहते. पुरातन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला त्या १९७० च्या पूर्वीच्या यादीत नाणं सापडलं की स्वयंपाकघरातून हाक येते. मीही उठून जातो. भारतातून तर आम्ही एकही नाणं आणत नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाहीत, आणि ते बरंच आहे. अथेन्सची घुबडं, म्हणजे घुबड कोरलेली नाणी, तीही ठेवत नाही. गेल्या काही वर्षांत ती बाजारात ढिगाने आली आणि बहुतेकांबरोबर कागद नसतो. "पैशावर घुबड?" असं म्हणून पुण्याचा मेहुणा दचकला होता, ते वेगळंच.

ब्रेक्झिटमुळे २०२१ पासून युरोपातून माल मागवला की ५ टक्के व्हॅट आणि फॉर्मांचा गठ्ठा. माल कमी आणतो, तर कागद तपासायला वेळ मिळतो.

तो खोटा स्टेटर टेबलाच्या खणात आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी तो हातात देतो आणि विचारतो, काय वाटतं? मागच्या महिन्यात एकाने तोच विकत मागितला. खोटा आहे, सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे, पण घोडा चांगला आहे." घोडा खरंच चांगला आहे. दिला नाही.