आमची वाटचाल : पंचेचाळीस मिलिमीटर

मुंबईत फायरप्लेस कोण बांधतं, असं मला २८ वर्षं प्रत्येक लग्नकार्यात विचारतात. मुंबईत नाही बांधत. मुंबईकर खंडाळ्याला, पाचगणीला, महाबळेश्वरला बांधतात, आणि त्याची ड्रॉइंग कुर्ल्यात आमच्या दोन टेबलांवर होतात. जिने मात्र कुठलेही असोत, आम्ही काढतो.

सुरुवातीला भागीदार म्हणजे सुतारमामा. करारावर सही नव्हती. मी कागदावर काढायचं आणि त्यांनी लाकडात उतरवायचं, एवढा शब्द. त्यांची अर्ध्या इंचाची पटाशी धार लावून लावून बोटाएवढी उरली होती, पण कठड्याच्या खाचा ते तिनेच मारायचे. माझ्याकडे रेघा आखायचा मिनी-ड्राफ्टर, तीन जाडींची शाईची पेनं आणि चुकलेली रेघ खरवडायला ब्लेडचं पातं.

खंडाळ्याच्या एका बंगल्यात फायरप्लेस आणि जिना, दोन्ही कामं आमची होती. फायरप्लेसचं तोंड ९०० बाय ७५० मिलिमीटर, म्हणून आतली चिमणी २६० बाय २६०, तोंडाच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शाएवढी. बाजू तिरक्या, खोली कमी, गळा म्हणजे आगीवरची धुराची वाट अरुंद. रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये मांडलं तेच. पहिल्या दिवसापासून धूर खोलीत आला नाही.

जिन्याची उंची तयार फरशी ते तयार फरशी ३१५०. १७५ चे १८ चढ, म्हणजे एका पायरीपासून दुसरीपर्यंतची उंची, आणि पाय ठेवायला २७५ ची पायरी. दोन चढ आणि एक पायरी मिळून ६२५, म्हणजे पाय न बघता पडतो. खाली मालासकट ७५ मिलिमीटर फरशी धरल्याचं मी ड्रॉइंगवर चौकटीत लिहिलं होतं. जिना ओतून झाल्यावर कंत्राटदाराने आम्हाला न विचारता खाली लाकडी फ्लोअरिंग घातलं, एकूण ३०, म्हणजे ४५ कमी. सगळ्यात खालचा चढ झाला २२०. मालकांच्या आई उतरताना तिथेच झोक जाऊन पडल्या आणि मनगट मोडलं.

ड्रॉइंग चुकलं, असं कंत्राटदाराने सगळीकडे सांगितलं. साइटवरची प्रत त्याच्याकडून 'हरवली'. आणि आमचं मूळ? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठीचं पाणी आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत चढलं. कपाटातली ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरची मूळ ड्रॉइंग, एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. कॉम्प्युटर त्याआधीच पाण्याखाली. ज्या आर्किटेक्टांकडे आम्ही वर्षानुवर्षं काम केलं, त्यांनी फोन घेणं बंद केलं. ११ महिने एक काम नाही. दोन ड्राफ्ट्समन गेले, त्यातला एक त्याच कंत्राटदाराकडे बसला. ते मी अजून विसरलेलो नाही.

मामा गावाहून आले तेव्हा त्यांना हे कळलं. काही न बोलता त्यांनी हत्यारांच्या पेटीतली पत्र्याची नळी काढली. आत त्या जिन्याची अमोनिया प्रिंट, म्हणजे ट्रेसिंगवरून काढलेली निळ्या रेघांची प्रत, ऊन न लागल्यामुळे निळी रेघ शाबूत. चौकट होती, ७५ होतं, शेजारी मामांच्या पेन्सिलने साइटवरच्या लेव्हल होत्या. आम्ही दोघं ती घेऊन बंगल्यावर गेलो. मालकांनी टेप मागवला, स्वतः गुडघ्यावर बसून खालचा चढ मोजला. २२०. "तुमचे राहिलेले पैसे उद्या घेऊन जा," म्हणाले. कंत्राटदाराने मात्र आजतागायत शब्द मागे घेतलेला नाही.

पुढची वर्षं कामं येत गेली. मामा आता नाहीत.

नव्याने घर बांधणाऱ्यांना सांगतो, फरशी ठरल्याशिवाय जिना ओतू नका. जिन्यातले सगळे चढ सारखे हवेत. एक जरी वेगळा पडला तरी माणूस तिथेच अडखळतो. चिमणी छपरापासून तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आतल्या कशाहीपेक्षा दोन फूट उंच ठेवा. घाटातल्या पावसासाठी वर टोपी हवीच. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना आधी वर्तमानपत्राचा बोळा पेटवून गळ्याशी धरा. चिमणी गरम झाली की धूर वर जातो. ओली लाकडं घालू नका.

खंडाळ्याचे मालक दर दिवाळीआधी चिमणी साफ करायला माणूस मागतात. गेल्या महिन्यात वेगळ्याच कामासाठी फोन आला. नातीने मुलुंडला डुप्लेक्स घेतलाय, आतला जिना बदलायचाय. "फरशी कोणती, जाडी किती, सगळं लिहून ठेवलंय," म्हणाले, "आता तुम्ही मोजायला या."