वुहानची न्याहारी घरी: रे-गान-म्येन जमले, दोउपी अर्ध्यावर

वुहानमधील न्याहारीचे पदार्थ घरी करण्याच्या माझ्या उपक्रमात रे-गान-म्येन आता समाधानकारक होऊ लागले आहे. तिळाच्या दाट वाटणात कालवलेल्या या बिनरश्श्याच्या नूडल्सविषयी माझे मत पक्के झाले आहे, ते असे की त्यांची खरी कसोटी आदल्या रात्रीच लागते. यांगत्से आणि हान या नद्यांच्या संगमावरील त्या बंदराच्या शहरात लोक सकाळी घराबाहेरच, पुष्कळदा चालता चालता, खातात. विक्रेत्याने नूडल्स आधीच अर्धकच्च्या उकडून, तेल लावून, गार करून ठेवलेल्या असतात आणि गिऱ्हाईक आले की त्या खोल जाळीतून उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून तो वाडगा हाती देतो.

कणकेसाठी मी 500 ग्रॅम मैदा, 190 मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ आणि 5 ग्रॅम भाजलेला सोडा घेतो. खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये 120 अंशांवर तासभर ठेवला की त्यातील कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते व अधिक तीव्र क्षार, म्हणजे सोडियम कार्बोनेट, उरतो. या क्षारामुळे नूडल्सना फिकट पिवळा रंग आणि दाताला जाणवणारा चिवटपणा येतो. कणीक घट्ट असल्याने ती अर्धा तास झाकून ठेवल्याशिवाय हातयंत्रात घालू नये.

उकडताना मधोमध पांढरा ठिपका दिसत असतानाच नूडल्स उपसाव्यात, परातीत पसराव्यात, तेल सोडावे आणि पंख्याखाली चॉपस्टिकने उचलत राहाव्यात. येथे घाई अजिबात चालत नाही, कारण वाफ आत कोंडली तर नूडल्स शिजतच राहतात आणि सकाळी त्यांचा गोळा होतो. नीट गार झालेल्या नूडल्स मात्र दुसऱ्या दिवशी पाण्यात बुडवताच सुट्या होतात आणि तरीही चावताना कणखर लागतात.

वाटणासाठी पांढरे तीळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजून बारीक वाटतो. ते आधी भाजलेल्या तिळाच्या तेलाने सैल करावे आणि मग चमचा-चमचा कोमट मिठाचे पाणी घालावे. प्रथम ते आळून घट्ट होते, पण ढवळत राहिल्यास पुन्हा गुळगुळीत होते. आपल्याकडचे घाण्याचे तीळतेल कच्च्या तिळाचे असल्याने नूडल्सना लावायला उत्तम आहे, परंतु वाटणाला तो खमंग वास त्यातून मिळत नाही. वरून सोया सॉस, मिरपूड, लसणाचे पाणी, कांद्याची पात आणि खारवून उन्हात सुकवलेल्या मुळ्याचे तुकडे. हा मुळा कृपया गाळू नये. तिळाचा जडपणा तोच तोडतो.

दोउपी अजून अर्ध्यावर आहे. मूग आणि तांदळाच्या पिठाचा पातळ थर मोठ्या लोखंडी तव्यावर पसरून त्यावर अंडे फिरवतात, थर उलटून त्यावर शिजलेला चिकट तांदूळ, डुकराचे मांस, बांबूचे कोंब आणि मशरूम यांचे सारण घालतात आणि घडी करून चौकोनी तुकडे पाडतात. वुहानच्याच हान्कौ भागातील लाओ तुंगचंग या उपाहारगृहाची दोउपी प्रसिद्ध असून 1958 मध्ये माओ त्सेतुंग यांनी ती तेथे खाल्ली होती. चिकट तांदळासाठी आसामचा बोरा तांदूळ फार चांगला ठरला आहे. सारणात मी कोंबडीचे मांस घालतो. चवीबाबत तक्रार नाही, मात्र थर अखंड उलटणे अजून साधायचे आहे. मुगाचे प्रमाण थोडे वाढवल्यापासून तो कमी फाटतो.

पुढचा पदार्थ म्येनवो. तांदूळ आणि थोडे सोयाबीन भिजवून वाटलेल्या पिठात आले व पात घालून तो तळतात. दिसायला तो मेदूवड्यासारखा असतो, पण मध्यभागी उंचवटा असलेल्या गोल पळीत तळल्यामुळे त्याची कड जाड व मऊ राहते आणि मधला भाग पातळ, कुरकुरीत होतो. तशी पळी लोहाराकडून करून घेत आहे. ज्यांनी हा पदार्थ केला असेल त्यांनी वाटण किती रवाळ ठेवले आणि सोयाबीन किती घेतले, हे अवश्य कळवावे.