शेवटच्या चौकटीवरचा कागद

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जुन्या कागदांच्या जतनाचे काम करते. हस्तलिखितांपेक्षा कॉमिक्स अधिक जिकिरीचे असतात, हे सहसा कोणाला पटत नाही. दहा सेंटांना मिळणारे हे अंक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेले असत, आणि तो कागद स्वतःतल्याच आम्लाने करपत जातो. काळाने केलेल्या नुकसानीपेक्षा मालकांनी प्रेमाने लावलेल्या चिकटपट्ट्या काढण्यातच आमचा अधिक वेळ जातो.

१९५४ या वर्षावर आमच्याकडे प्रदर्शन भरणार होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे सांगणारे पुस्तक आले, सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये साक्षी घेतल्या, भयकथांचे अंक काढणाऱ्या ईसी कॉमिक्सचे प्रकाशक बिल गेन्स यांची उलटतपासणी झाली, आणि ऑक्टोबरमध्ये प्रकाशकांनी घाबरून स्वतःच स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. याच सगळ्याच्या मध्ये, १७ मे रोजी, शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्या लढ्यात वर्थम यांची साक्ष वर्णभेदाच्या विरोधात वापरली गेली होती, आणि हार्लेम या न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्यांनी गरिबांसाठी दवाखाना चालवला होता. त्यांना नुसता खलनायक ठरवणाऱ्यांनी हे वाचलेले नसते. पण याच वर्थम यांनी आपल्या पुस्तकातील मुलांच्या हकिकतींत फेरफार केले होते, हे अभ्यासक कॅरल टिली यांनी त्यांची कागदपत्रे तपासून दाखवून दिले आहे, आणि तेही मला विसरता येत नाही.

प्रदर्शनासाठी एका कुटुंबाने दिलेल्या खोक्यात ईसीच्या ‘वीअर्ड फँटसी’ या कॉमिक्सचा १९५३ मधील अठरावा अंक निघाला. अल फेल्डस्टीन यांनी लिहिलेली आणि जो ऑर्लँडो यांनी चितारलेली ‘जजमेंट डे’ ही कथा त्यात आहे. पृथ्वीवरून आलेला एक निरीक्षक यंत्रमानवांचा ग्रह पाहतो. तिथे नारिंगी आणि निळे यंत्रमानव आतून एकसारखेच असतात, तरी निळ्यांना वेगळे आणि खाली ठेवलेले असते. तो ग्रह अजून आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात येण्यास पात्र नाही, असे सांगून निरीक्षक परततो आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण उतरवतो, तेव्हा तो कृष्णवर्णीय असल्याचे वाचकाला कळते. पुढे ईसीने ही कथा पुन्हा छापायला घेतली, तेव्हा संहितेच्या प्रशासकांनी त्या माणसाच्या रंगावरच आक्षेप घेतला. गेन्स आणि फेल्डस्टीन यांनी नमते घेतले नाही आणि कथा १९५६ मध्ये जशीच्या तशी छापली. कोणत्याही वंशाची टिंगल चालणार नाही, असे त्याच संहितेत लिहिलेले होते, हे वाचताना मला आजही संताप येतो.

आमच्या प्रतीत नेमक्या त्या शेवटच्या चौकटीवर वहीचा रेघांचा कागद डकवलेला होता. भिंगाखाली कात्रीने कापलेली कड स्पष्ट दिसत होती. कापणाऱ्याने चौकटीची काळी रेघ कुठेही ओलांडली नव्हती. प्रदर्शनाच्या प्रमुखांनी तेवढ्यावर माहितीफलकाचा मजकूर तयार केला: ‘वर्णद्वेषातून झाकलेला चेहरा’. आमच्या क्षेत्रात वस्तू तपासण्याआधी फलक लिहून मोकळे होण्याची ही सवय फार बोकाळली आहे.

चिकटवलेल्या पदार्थाचा कण आयोडीनच्या थेंबात टाकला, तो काळा-निळा झाला. ही स्टार्चची खूण, म्हणजे बहुधा घरगुती पिठाची खळ. अशा कागदाला थेट पाणी लावले तर ओल पसरून तपकिरी कड उमटते, म्हणून गोअर-टेक्स या, पाणी अडवून फक्त बाष्प जाऊ देणाऱ्या कापडातून केवळ बाष्प देत मी तीन कडा सोडवल्या. चौथी, वरची कड मुद्दाम सोडवली नाही. वरच्या कडेला खळ जाड आणि सलग होती, तर उरलेल्या तीन कडांना ती फक्त अधूनमधून ठिपक्यांसारखी लागलेली होती, आणि ते ठिपके वरच्या खळीपेक्षा कमी पिवळे पडले होते. तो कागद आधी झडपेसारखा वरून उचलता येत असावा आणि बाकीच्या कडा नंतर कधीतरी चिकटवल्या असाव्यात, असे मला वाटते. एखाद्या थोरल्या भावंडाने धाकट्याला शेवट आधी कळू नये म्हणून ती झडप लावली असेल, आणि मग घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने ती कायमची बंद केली असेल. किंवा तेच मूल ती पुन्हा पुन्हा चिकटवत राहिले असेल. खळीच्या पिवळेपणावरून क्रम सुचतो, हात ओळखता येत नाही, आणि मनातले तर मुळीच नाही.

प्रमुखांचे म्हणणे असे की, १९५३–५४ मध्ये तो चेहरा झाकला जाणे याला एकच अर्थ असू शकतो. त्यांचा रोख मला समजतो. त्या चेहऱ्यावर आक्षेप घेणारी माणसे खरोखर होती आणि पदावर होती. पण म्हणूनच, ज्याचा पुरावा आहे तो दोष त्यांच्या नावे लिहावा आणि ज्याचा नाही तो एका अनोळखी घराच्या माथी मारू नये, असे मी लेखी कळवले. अखेर फलकावरील मजकूर बदलला: कागद कशाचा, खळ कशाची, कडा कोणत्या क्रमाने चिकटवल्या असाव्यात, आणि चिकटवणारी व्यक्ती अज्ञात. झडप वरच्या कडेवर तशीच राहिली असून चेहरा आता दिसतो.

अंक देणाऱ्या कुटुंबाकडे त्या काळातील शाळेच्या वह्या शिल्लक असतील तर रेघांमधले अंतर ताडून पाहता येईल, म्हणून मी त्यांना पत्र लिहिले आहे.